न प्यायलेली कॉफी

३ मार्च

सकाळी दूध आले. पाऊस उशिरा झाल्याने गवत अजून आखूड आहे, त्यामुळे दूध नेहमीपेक्षा कमी. माझ्या मेहुणीने, विदादने, दही लावले. दुपारी विद्यापीठाची गाडी आली. डॉ. अरीज आणि दोन कामगारांनी वाळवणीचे कपाट मागच्या अंगणात उतरवले. ते आत नेताना दाराच्या चौकटीचा रंग खरवडला गेला. संध्याकाळी मी रंग दिला.

कपाट माणसाएवढे उंच आहे. बाजूंना बारीक जाळी, वर काळा पत्रा. ऊन पत्र्यावर पडते, आतली हवा तापून वर निघते आणि जमीदचे, म्हणजे वाळवलेल्या खारट चक्क्याचे, गोळे अंधारातच राहतात. ऊन लागले की जमीद पिवळे पडते, हे कारकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. डॉ. अरीज उत्तरेच्या, इर्बिदच्या आहेत. त्यांना ते शिकावे लागले, पण त्या नीट शिकल्या आहेत.

विदादने कपाटाभोवती एक फेरी मारली. "कबुतरं पाळायची आहेत का यात?"

"कबुतरं तुमच्या गच्चीवर फुकट येतात, खाला," डॉ. अरीज म्हणाल्या. "यात येणार नाहीत, एवढाच फरक."

मला वाटले, विदादला राग येईल. ती आत गेली आणि चहा घेऊन आली.

हे सगळे माझ्या बायकोचे, शम्साचे काम. मागच्या शरद ऋतूत ती हातातल्या पिशवीत चार गोळे घालून विद्यापीठात गेली आणि शेतकी विभागाच्या दाराशी बसून राहिली. कोणीतरी बाहेर येऊन विचारीपर्यंत उठली नाही. विचारणाऱ्या डॉ. अरीज होत्या. करारावर शम्साचे नाव होते. जानेवारीत ती गेल्यावर ते खोडून वर माझे लिहिले. नवीन कागद करून देतो, असे त्यांनी सांगितले होते. मी म्हटले, हाच राहू द्या.

पुढच्या वसंतापासून उघड्यावर वाळवलेले जमीद विकायला परवाना मिळणार नाही. विद्यापीठाचा अहवाल चांगला आला तर कपाटांना परवाना मिळेल. नाही आला तर कारखाना बंद. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक घुसळणी आणि गच्ची. पण सहा घरांचे दूध इथे येते आणि शम्साने तो शून्यातून उभा केला आहे. तो बंद होणार नाही.

११ मार्च

प्रयोग ठरला. पहिली रास गच्चीवर, कापडाखाली, नेहमीसारखी. दुसरी कपाटात, मीठ नेहमीचे. तिसरी कपाटात, मीठ कमी. वाळल्यावर तिन्ही वेगवेगळ्या पोत्यांत भरून उन्हाळा संपेपर्यंत कोठीत ठेवायच्या. टिकले नाही तर ते जमीद कसले. मग तपासणी. तोपर्यंत कोणी पोत्यांना हात लावायचा नाही. मी शब्द दिला.

डॉ. अरीज यांनी आणखी एक गोष्ट मागितली. शम्साच्या हातच्या मागच्या वर्षीच्या जमीदचे एक पोते आमच्याकडे आहे, हे त्यांना विदादने सांगितले असावे. "सगळं नको, उस्ताद. डझनभर गोळे द्या. तुलनेला बरं पडेल."

मी म्हटले, कोठी आवरायची आहे, मग बघू.

कोठी मी फेब्रुवारीतच आवरली आहे.

१६ मार्च

लोणी काढल्यावर ताक तापवले. फाटून चक्का खाली बसला. फडक्यात बांधून टांगला. आज मी प्रथमच मळायला बसलो. बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, सुटीच्या दिवशी दूध आणले, हिशेब पाहिला, पण चक्क्यात हात कधी घातला नव्हता. मीठ हाताच्या भेगांत झोंबते.

विदाद थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अबू नौफल, फळा पुसल्यासारखं नका करू. तळहाताच्या टाचेनं दाबा."

तिसऱ्या घाण्यापासून जमू लागले. माझे गोळे जरा लांबोडे होतात. विदादचे गोल. शम्साच्या गोळ्याला बुडाशी एक खळगा असे, खाली ठेवताना तिचा अंगठा तिथे दाबला जाई. त्यावरून बाजारात तिचा माल ओळखत.

३ एप्रिल

काल पूर्वेकडून धुळीचा वारा. दुपारी समोरची टेकडी दिसेना. मी आणि विदादने गच्चीवरच्या कापडाच्या कडा धरून ठेवल्या, मग त्यांवर विटा ठेवल्या. तरी खाणीच्या रस्त्याची पांढरी धूळ आत गेली. डोळ्यांत, दातांत. कपाटाची झडप लावली होती, आत काही गेले नाही.

आज डॉ. अरीज आल्या. गच्चीवरचे काही गोळे उचलून बोटाने पुसत होत्या.

"थोडी वाळू पोटात गेल्याशिवाय माणूस कारकचा होत नाही," विदाद म्हणाली.

"म्हणून तुम्ही लोक एवढे जड."

"आणि तुम्ही इर्बिदवाले वाऱ्यानं उडता."

मी खाली येऊन नोंद केली. वारा किती वेळ, किती वाजता, कुठल्या बाजूने. नोंदी ठेवायला मला आवडते.

१९ एप्रिल

कपाटातले गोळे गच्चीवरच्या आधी वाळले. दोन एकमेकांवर ठोकून पाहिले. दगडासारखा आवाज. रंग पांढरा. काम होईल, अशी मला खात्री वाटते.

२१ मे

हंगाम संपला. मेंढ्या आटल्या. तिन्ही राशी पोत्यांत भरून, क्रमांक लिहून कोठीत ठेवल्या. विक्रीचा माल वेगळा. डॉ. अरीज यांनी आत्ताच्या तपासणीसाठी प्रत्येक राशीतले काही गोळे प्रयोगशाळेत नेले. जाताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या चौथ्या, शम्साच्या पोत्याकडे गेली.

संध्याकाळी मुलगा नौफल याचा कुवेतहून फोन. तो म्हणतो, बाबा, आता पुरे, इथे या, खोली रिकामीच आहे. मी म्हटले, ऑक्टोबरात अहवाल आहे. तो म्हणाला, अहवालाचं काय करायचंय तुम्हाला? मी म्हटले, परवान्यासाठी लागतो. मग तो आईविषयी काही बोलू लागला. इथे दारात कोणीतरी आले आहे असे सांगून मी फोन ठेवला.

२८ जून

रमजानमुळे माल उचलला जातो आहे. अम्मानच्या दुकानदाराने उरलेले सगळे नेले. आता विक्रीला एकही गोळा नाही. एवढ्या लवकर कधी संपले नव्हते.

संध्याकाळी उपास सुटल्यावर शेजारी येऊन बसतात. मी कॉफी करतो. ती मला पहिल्यापासून चांगली येते. पिऊन झाल्यावर लोक पेला परत देतात आणि गप्प राहतात. इतर घरी 'दायमा' म्हणतात, म्हणजे या घरात कॉफी कायम राहो. दुःखाच्या घरी ते म्हणायचे नसते. बरोबरच आहे. मला वाटते ईदनंतर म्हणू लागतील.

८ जुलै

ईद झाली. कोणी म्हटले नाही.

९ ऑगस्ट

आज एक गोष्ट झाली. नीट लिहून ठेवतो.

दुपारनंतर हाज मुफ्लिह आले. बरोबर त्यांच्या घरातले दोघे वडीलधारे. हाज मुफ्लिह आमच्या भागातले समेट घडवणारे गृहस्थ. शम्सा गेली तेव्हा तीन दिवस आमची चूल पेटली नाही. तिन्ही दिवस आल्यागेल्यांचे जेवण त्यांच्या घरून आले. मी त्यांना मानाच्या जागी बसवले आणि कॉफी ओतली.

त्यांनी पेला घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

मोठा माणूस असा पेला खाली ठेवतो तेव्हा त्याला काही मागायचे असते आणि यजमानाने हो म्हटल्याशिवाय तो पीत नाही. मला वाटले पिकअप हवी असेल. मागच्या वर्षी त्यांनी तीच मागितली होती. काय हवे ते आधी विचारता येते, पण आमच्याकडे चांगले घर विचारत नाही. माझ्या वडिलांनीही कधी विचारले नव्हते.

मी म्हटले, "कॉफी प्या, हाज. जे मागाल ते झालं समजा."

ते प्यायले. मग सांगितले. वसंतात गाडीच्या अपघातात एका घरचा म्हातारा दुसऱ्या घरच्या मुलाच्या हातून गेला होता. पाच महिने बोलणी चालू होती. आता म्हाताऱ्याच्या घरच्यांनी माफ करायचे कबूल केले आहे. शुक्रवारी दोन्ही घरे एका परातीतून जेवतील. दोनशे माणूस. मन्सफ, म्हणजे जमीदच्या रश्श्यात शिजवलेले मांस आणि भात, करायचे आहे आणि बाजारात खरे जमीद उरलेले नाही.

"पाकिटातली पूड आहे," हाज म्हणाले, "पण अबू नौफल, पाकिटातल्या पांढऱ्या पाण्यावर समेट टिकेल का? उद्या एखादा म्हणायचा, यांनी आम्हाला पुडीचं खाऊ घातलं."

मी म्हटले, खरे आहे.

ते गेल्यावर विदाद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "देणार कुठून?"

मी कोठीत गेलो. क्रमांकाची तीन पोती आणि शम्साचे पोते. बराच वेळ उभा होतो. दिलेला शब्द मोडणे शक्य नाही. डॉ. अरीज यांनाही मी शब्द दिला आहे, पण हाज मुफ्लिह यांचा पेला माझ्या घरात खाली ठेवला गेला होता.

शम्साचे पोते जुने आहे. एवढ्या मोठ्या प्रसंगी जुना माल देणे बरे दिसणार नाही. तीन पोती देईन.

१२ ऑगस्ट

समेट झाला. चुलींवर मी जातीने उभा राहिलो आणि तिन्ही राशी तीन वेगळ्या पातेल्यांत शिजवल्या, मिसळू दिल्या नाहीत. कोणत्या परातीत कोणते पातेले गेले ते कागदावर लिहिले. पहिल्या राशीच्या रश्श्यात तळाशी थोडी वाळू दिसली. तो रस्सा गाळून घेतला.

म्हाताऱ्याच्या मोठ्या मुलाने परातीतला मांसाचा पहिला तुकडा तोडून त्या पोरासमोर ठेवला. पोराला खाता येईना. मग खाल्ला. सगळे जण आपापल्या परातीकडे पाहू लागले.

जेवण झाल्यावर मी परातीपरातीशी जाऊन विचारले, कसे झाले. सगळ्यांनी सांगितले, हात सलामत राहोत, असे जमीद खाल्ले नव्हते. तिसऱ्या राशीबद्दलही तेच, म्हणजे कमी मिठाच्याही. मी तेही लिहून घेतले. तपासणी थोडी वेगळ्या रीतीने झाली, इतकेच. डॉ. अरीज यांना हे आवडेल असे वाटते.

१५ ऑगस्ट

आवडले नाही.

त्या सकाळी आल्या, कोठीत गेल्या आणि बाहेर आल्या. "पोती कुठे आहेत?"

मी सांगणार होतो, पण विदाद आधी बोलली. "लोकांच्या पोटात."

मी सगळे सांगितले आणि कागद दिला. त्यांनी वाचला. घडी घालून परत दिला.

"उस्ताद, मन्सफ खाऊन हात न पुसलेला पाहुणा यजमानाला काय सांगणार? खारट झालं म्हणून? पाहुण्याची स्तुती हा पुरावा नसतो."

"दोनशे माणसं होती."

"दोनशे पाहुणे होते." त्या अंगणातल्या कट्ट्यावर बसल्या. "तुमच्या वर्गातल्या पोरानं परीक्षेच्या आधी उत्तरपत्रिका खाल्ली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

"मारलं असतं," मी म्हटले. शाळेत तेव्हा मारत असत.

त्यांना हसू आले असावे, पण त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी हिशेब मांडला. मे महिन्यात नेलेल्यांपैकी कपाटातल्या दोन्ही राशींचे काही गोळे प्रयोगशाळेत अजून शिल्लक आहेत. गच्चीवरच्या राशीचा एकही नाही. त्यात वाळू किती ते मोजण्यासाठी ते सगळे तेव्हाच फोडून दळले गेले. म्हणजे नवी रीत हाताशी आहे, जुनी नाही. समितीला दोन्ही शेजारी ठेवून हव्यात. तुलना नसेल तर अहवाल नाही आणि अहवाल नसेल तर परवाना नाही.

"जुन्या रीतीचं, माहीत असलेल्या हाताचं, उन्हाळाभर कोठीत राहिलेलं जमीद हवं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "त्या चौथ्या पोत्यात काय आहे, उस्ताद?"

मी म्हटले, "ते जुनं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. चहा न घेता गेल्या.

२० ऑगस्ट

अम्मानच्या बाजारात जाऊन गच्चीवर वाळवलेले जमीद मिळवले. महाग आणि पिवळट. ते घेऊन तसाच विद्यापीठात गेलो. डॉ. अरीज यांनी विचारले, कोणी केलं? कधीचं? मीठ किती? कुठे ठेवलं होतं? मला सांगता आले नाही. त्यांनी ते परत पिशवीत भरून दिले. त्यांचे बरोबर होते. मी अजून शिक्षक असतो तर मीही तेच केले असते.

घरी येऊन बाजारचे जमीद शेजारी वाटून टाकले.

२६ ऑगस्ट

विदाद आज कामावर आली, पण हंगाम नसल्याने काम नव्हते. भांडी घासली. घासलेलीच होती.

मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात ते जुनं आहे. जमीद जुनं झालं म्हणून कारकमध्ये कधी कोणी टाकलंय?"

मी घुसळणीचा पट्टा पाहू लागलो.

"शम्सानं ते विकायला केलं होतं, अबू नौफल. तिचा माल तुम्ही कोठीत दाबून ठेवला आहे हे तिला कळलं तर तुमची हजामत करील. तुम्हाला नाही आठवत? एक गोळा पोत्याच्या तळाशी विसरला होता म्हणून मला आठवडाभर बोलत होती."

"आठवतं."

"मग?"

मी म्हटले, घुसळणीच्या पट्ट्याला तेल द्यायचे आहे. तेल दिले. पट्टा चांगला आहे, पुढच्या वर्षीही चालेल.

१ सप्टेंबर

डॉ. अरीज दुपारी आल्या. एकट्या, विद्यापीठाच्या गाडीने नाही. काळा कोट घातला होता, ऊन असताना. मी बैठकीत बसवले आणि कॉफी आणली. विदाद दारात थांबली.

मी पेला भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

"हे पुरुषांचं काम आहे, डॉक्टर," विदाद दारातून म्हणाली.

"माझ्या आजोबांना मुलगा नव्हता, खाला. त्यांनी मला शिकवलं."

पेल्यातून वाफ येत होती. मला आठवते ते असे की बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती आणि मी विचार करत होतो की ती कोणाची असावी. वाफ यायची थांबली.

मी म्हटले, "प्या, डॉक्टर."

"आधी ऐकून तरी घ्या," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी न ऐकता हो म्हणालात, त्याचं काय झालं ते पाहिलंत. मी काय मागणार ते तुम्हाला माहीत नाही."

"मागच्या वेळी माहीत नव्हतं. आज माहीत आहे. प्या, गार होते."

त्या प्यायल्या. पेला मला परत दिला आणि म्हणाल्या, "दायमा."

म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्या लाल झाल्या आणि विदादकडे पाहू लागल्या. विदाद फक्त उंबऱ्यावर बसली. मी पेला पुन्हा भरला.

५ सप्टेंबर

पोते मीच घेऊन गेलो. प्रयोगशाळेत ते उघडून वरचे, मधले आणि तळाचे गोळे वेगळे केले. बारा निवडले, बाकीचे चव घेणाऱ्यांसाठी ठेवले. एका मुलीने पहिला गोळा फडक्यात गुंडाळला आणि हातोडीने फोडला. मी तिथेच थांबलो. थांबायची गरज नव्हती. पोते त्यांनी परत दिले.

परत येताना सुताराकडे गेलो. कपाट दाखवायला तो उद्या येईल. आणखी तीन लागतील.

१९ सप्टेंबर

सुताराने लाकडाचा नमुना आणला. जाळी अकाबाहून येईल. दूध देणाऱ्या सहाही घरांना सांगितले की पुढच्या वर्षी दूध इथेच येऊ द्या. एकाने विचारले, परवाना मिळाला का? मी म्हटले, मिळेल. तो म्हणाला, मोठ्या डेअरीवाल्यांनी विचारलंय. मी म्हटले, विचारू द्या.

६ ऑक्टोबर

अहवाल आला. डॉ. अरीज स्वतः घेऊन आल्या आणि वाचून दाखवला. विदाद खाली बसून ऐकत होती.

कपाटातले जमीद जुन्या रीतीच्या जमीदइतके टिकते. ओल कमी, बुरशी नाही, वाळू नाही. कमी मिठाचेही टिकले. चव घेणारे विद्यापीठातले लोक होते, कोणते कुठले ते न सांगता दिले होते आणि ते कोणाचे पाहुणे नव्हते. कपाटातले त्यांना चांगले वाटले. पण त्याहून शम्साचे.

"चवीत शम्सा पुढे आहेत," डॉ. अरीज म्हणाल्या. विदाद ताठ बसली. "आणि वाळूतही त्याच पुढे आहेत."

"माझ्या बहिणीच्या जमीदमध्ये वाळू?"

"मोजली आहे, खाला. हवी तर पुडीत बांधून देते."

विदाद रागाने उठली, दारापर्यंत गेली आणि तिथे तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. आधी मला वाटले रडते आहे. "खाणीच्या रस्त्याला ती रोज शिव्या द्यायची," ती म्हणाली. "रोज. गच्चीवर उभी राहून. ड्रायव्हरांची नावं घेऊन."

तिला खरेच हसू येत होते. मलाही आले.

शम्साची चव पुढे का, ते अजून कळलेले नाही. मीठ आतपर्यंत सारखे पसरले आहे एवढे दिसते. पुढच्या हंगामात विद्यापीठ त्याच्यावर काम करील. मी म्हटले, आम्ही तयार आहोत. समितीने परवान्याची शिफारस केली आहे, सही याच महिन्यात होईल.

अहवालात सगळीकडे तिच्या गोळ्यांना 'संदर्भ नमुना' म्हटले आहे. मी विचारले, तिथे नाव घालता येईल का.

"पान उलटा, उस्ताद," डॉ. अरीज म्हणाल्या.

पहिल्या ओळीत होते. खोडलेले नव्हते.

निघताना त्यांनी पिशवीतून एक गोळा काढून दिला. बारापैकी अकरा पुरले.

८ ऑक्टोबर

काल तो गोळा भिजत घातला. घालण्याआधी बुडाचा खळगा पाहिला. माझा अंगठा त्यात मावत नाही.

सकाळी सुतार आला, पहिल्या कपाटाची चौकट उभी राहिली. ती काटकोनात नव्हती, मी गुण्या लावून दाखवले. तो जरा नाराज झाला पण त्याने ती दुरुस्त केली. नौफलचा फोन आला. मी त्याला परवान्याचे सांगितले. तो आईविषयी बोलू लागला. मी ऐकले.

दुपारी घरी कोणी नव्हते. भिजलेला गोळा मातीच्या खरबरीत भांड्यात घासून घासून विरघळवला. हात भरून आला. थोडे मांस आणले होते. ते त्यात शिजवले, सतत ढवळत, नाहीतर फाटते. पातळ रोटी कालची होती, ती खाली पसरली. वर भात, वर रस्सा. एका माणसाला जास्तच झाले.

चांगले झाले होते. दाताखाली एक कण कचकन आला. तो गिळला.

उरलेले विदादकडे पाठवण्यासाठी झाकून ठेवले. भांडे घासले आणि पालथे घातले.